न गाळलेलं पाणी

अव्वांच्या आजारपणाची वर्षं आठवायला बसलं की मला सगळ्यात आधी उकाडा आठवतो. उचगावातल्या आमच्या घरात दिवसातून चार वेळा पंखा बंद व्हायचा. खिडक्या लागायच्या, दाराला आतून कडी लागायची, आणि खोलीत आम्ही दोघीच उरायचो, मी आणि माझी सासू. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, म्हणून लग्न होऊन आले तशी मीही तेच म्हणायला लागले. दोघींच्या तोंडाला मास्क, माझ्या हातांना साबणाचा वास, आणि भिंतीतल्या हुकाला टांगलेली पाण्याची फुगीर पिशवी. त्या पिशवीतलं पाणी नळीवाटे अव्वांच्या पोटात जायचं, काही तास तिथं राहायचं आणि रक्तातली घाण घेऊन परत बाहेर यायचं. मूत्रपिंडं थकली होती. त्यांचं काम आता पोटातल्या पडद्यानं करायचं होतं, आणि त्या पडद्याला सांभाळायचं काम माझं होतं.

पंखा खरं तर नळी जोडताना नि सोडताना तेवढा बंद ठेवला तरी चालतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं. मी सगळा वेळ बंद ठेवायचे. पंख्यानं धूळ उडते, धुळीवर जंतू बसलेले असतात, आणि नळीच्या उघड्या तोंडावर त्यातले थोडे जरी पडले तरी सरळ पोटात जातात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यावरच तर माझं पोट चालत होतं.

मी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. दूध पुरेसं तापलं का, वेळेवर थंड झालं का, पिशवीत भरताना कुठून काय शिरलं, हे बघायचं. काचेच्या बशीत थोडं दूध घालून ती उबेत ठेवायची आणि मग तिच्यात उगवलेले ठिपके मोजायचे. ठिपके जास्त निघाले की वरच्या साहेबांची तोंडं उतरायची. बशा, नळ्या, चिमटे, सगळं दाबाच्या वाफेत घालून निर्जंतुक करायचं. तापवायचं, गोठवायचं, वाळवायचं, खारवायचं, औषध घालायचं. जंतू मारता आले तर मारायचे, नाही तर निदान वाढू द्यायचे नाहीत. इतकं साधं शास्त्र, पण त्यासाठी माझ्या वडिलांनी मला कोल्हापुरात कॉलेजात घातलं होतं आणि भावकीची बोलणी खाल्ली होती.

आणि संध्याकाळी मी परत यायचे ती अव्वांच्या स्वयंपाकघरात. आम्ही दोन्हीकडचे जैनच, पण माझ्या माहेरी देवळात जाणं सणावारापुरतं. अव्वा कुरुंदवाडकडच्या शेतकरी घरातल्या, त्यांचं सगळं कडक. न गाळलेल्या पाण्याचा थेंब त्यांच्या ओठाला लागलेला नव्हता. नळाच्या तोटीला जाड दुपदरी फडकं बांधलेलं असायचं. घागर भरली की ते फडकं सोडायचं, उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच तांब्यात विसळायचं, आणि तो तांब्या परसातल्या विहिरीवर नेऊन अगदी हळू, काठाला लागून ओतायचा. फडक्यात अडकलेले जीव पाण्यातले, ते पाण्यात परत गेले पाहिजेत. मग गाळलेलं पाणी चुलीवर चढायचं. आधी गाळणं, जीव सोडून येणं, मग तापवणं. हा क्रम मोडला तर अव्वांच्या लेखी ते पाणी नव्हतं, पाप होतं.

"अव्वा, नळाचं पाणी तर नदीचं," मी एकदा चिडवलं. "तिथले जीव तुम्ही विहिरीत सोडताय. करमेल का त्यांना?"

"करमतंय की," अव्वा म्हणाल्या. "तू न्हाई व्हय करमून घेतलंस हितं?"

मी डेअरीतून आले की चप्पल काढायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला. "आज किती मारलीस?"

"मोजली नाहीत, अव्वा."

"मोजायचाच पगार हाय की तुला."

या प्रश्नाचा मला राग यायचा नाही. थकून आल्यावर कुणीतरी आपली वाट बघून चेष्टा करतंय, यात बरं वाटायचं. आणि चेष्टा सोडली तर आमच्या दोघींची कामं फारशी वेगळी नव्हती. लोणच्याच्या फोडी पुसून, वाळवून, बरणी उन्हात तापवून मगच मीठ-मोहरी लागायची. बरणीत कुणी ओला चमचा घातला तर त्या घर डोक्यावर घ्यायच्या. रात्रीचं शिळं सकाळपर्यंत उरत नसे. मी म्हटलं, अव्वा, हे सगळं आमच्या पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, "तुमी येऊ देताय आणि मारताय. आमी येऊच देत न्हाई. फरक हाय की."

नव्वदची वर्षं अशी गेली. पुढं अव्वांना साखरेनं धरलं, आणि साखरेनं त्यांची मूत्रपिंडं नेली. शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं. मशीनवर रक्त धुवायचं तर आठवड्यातून तीनदा यावं लागेल आणि त्यांचं हृदय ते सोसेल असं वाटत नाही. दुसरा मार्ग घरीच करायचा, पोटातून. त्याला एकच शत्रू. पोटात जंतू गेले की पडद्याला सूज येते. एकदा आली तर औषधानं आवरते. पुन्हापुन्हा आली तर नळी काढावी लागते, आणि मग मशीनशिवाय इलाज नाही.

मग त्यांनी विचारलं, घरी हे कोण करणार? नवऱ्याचं शिरोलीला फौंड्रीच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचं वर्कशॉप होतं. त्याच्या नखांत कायम लाकडाचा भुसा नि काजळी. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी कुठं नोकरी करते ते सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. प्रश्न त्यांचा मिटला. डेअरीचा राजीनामा मी त्याच महिन्यात दिला. दे असं कुणी म्हणालं नाही, देऊ नको असंही कुणी म्हणालं नाही.

पहिली पिशवी टांगली त्या दिवशी अव्वा तिच्याकडं बराच वेळ बघत होत्या.

"ह्यात मध असतोय व्हय? आमाला चालत न्हाई त्यो."

"नाही अव्वा. साखर, मीठ आणि पाणी."

"पाणी गाळलंय?"

कारखान्यात बारीक चाळणीतून जात असणारच, पण त्यांना तसलं गाळणं अपेक्षित नव्हतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "इतकं तापवलंय की त्यात काहीही जिवंत उरलेलं नाही."

"म्हंजे न गाळताच तापवलं," अव्वा म्हणाल्या. जन्मभर गाळून प्यालेल्या बाईच्या पोटात आता रोज बादलीभर न गाळलेलं पाणी जाणार होतं. ते मला तेव्हा कळलं, पण माझ्या हातात नळी होती आणि डोक्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेला क्रम होता. मी पुढच्या कामाला लागले.

मग तो क्रमच माझा दिवस झाला. टेबल स्पिरिटनं पुसायचं. हात कोपरापर्यंत घासायचे, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं. मास्क. नळीच्या टोकाला एक लहानसं टोपण असायचं, आत तपकिरी औषध भरलेलं. ते काढायचं, कशालाही न लागू देता पिशवी जोडायची, जुनं पाणी खाली सोडायचं, नवं वर चढवायचं, नवं टोपण लावायचं. शेवटी खाली आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. तिच्यातून अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ, पोट ठीक. त्या वर्षांत मी कोल्हापूरच्या बातम्या अशाच वाचल्या, अव्वांच्या पाण्यातून. पावसाळ्यात पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली, ती बातमीही मला पिवळसर दिसली.

लग्नकार्याला जाणं बंद झालं. माहेरी राहणं बंद झालं. हातांची कातडी सोलून निघायची, भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबायचं. माझ्यासारख्या बायका सगळीकडं असतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मी थकले होते, आणि थकलेय असं म्हणायला त्या घरात जागा नव्हती, कारण पोटात नळी माझ्या नव्हती.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एका सकाळी अक्षरं दिसेनाशी झाली. पाणी ताकासारखं गढूळ. अव्वांच्या पोटात कळा, अंगात ताप. दवाखाना, पिशवीतून औषध, आणि घरी आल्यावर माझं शोधणं. चूक कुठं झाली? मी भिंतींना ऑइलपेंट मारून घेतला. पडदे काढले. पंचे फेकून दिले, कागदी रुमाल आणले. नवऱ्यानं त्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं तरी मी अंगावर जायचे. तो बिचारा दाराबाहेरूनच आईला "बरं हाय का?" विचारून जायचा. पाणी स्वच्छ झालं आणि मी पुन्हा उभी राहिले.

थोड्याच महिन्यांत ते पुन्हा गढूळ झालं.

या वेळी डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढं सरकवला. "हा कातडीवरचा जंतू नाही, पाण्यात वाढणारा आहे. नळीला पाणी कुठून लागतंय?" मी म्हटलं, लागूच शकत नाही. आंघोळीला मी नळी प्लॅस्टिकमध्ये बांधते. पिशवी कोमट करायला पाण्यात कधीच ठेवत नाही. डॉक्टर समजुतीनं बोलले, पण जे बोलायचं ते बोलले. अजून एकदा असं झालं तर नळी काढणार. मशीनचं काय ते तेव्हा बघू. परत येताना रिक्षात अव्वा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात घरातली ओल शोधत होते. जिथं ओल तिथं वाढ, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

सापडलं ते माझ्या चष्म्यामुळं. हात धुवायला न्हाणीत गेले आणि बेसिनशी गेल्यावर लक्षात आलं की चष्मा खोलीतच राहिला. परत आले. अव्वा पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर पितळी वाटी, वाटीत त्यांचं गाळून तापवलेलं पाणी. नळीचं टोपण काढून त्यांनी बाजूला ठेवलं होतं आणि नळीचं टोक त्या वाटीत बुडवून, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं गाळण्याच्या फडक्यानं पुसत होत्या. फडकं स्वच्छ होतं. धुतलेलं, सोवळ्यातलं, त्यांच्या हाताखेरीज कुणाचा हात न लागलेलं. आणि ओलं.

मला काय झालं ते मी सांगते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माझी नोकरी, माझे हात, माझी दोन वर्षं, सगळं त्या वाटीत दिसलं. पण मी तशीच दारात खाली बसले.

"अव्वा, काय करताय हे?"

"धुतोय की," त्या सहज म्हणाल्या. लपवल्यासारखं काही नव्हतंच. "रोजच धुतोय. कुठल्या कारखान्यातनं आलंय, किती जणांचा हात लागलाय. त्या तपकिरी औषधाचा वास बघ. आतलं पाणी गाळायचं माझ्या हातात न्हाई. निदान तोंड तरी शुद्ध करावं. तू येवढी राबतीस, तुला किती सांगायचं म्हणून मीच करतो."

जंतू, संसर्ग, पडदा, सगळं त्यांना दवाखान्यात सांगून झालं होतं. त्यांनी मान डोलावली होती, आणि त्यांच्या शुद्ध पाण्याचा त्या जंतूंशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. घरातली सगळ्यात पवित्र वस्तू आणि पोटातला ताप. कोण जोडेल?

मग मी विचारलं, "अव्वा, बरणीत ओला चमचा घातला तर काय होतं?"

"बुरशी येतीया."

"चमचा स्वच्छ असला तरी?"

"स्वच्छ असला म्हणून काय झालं? ओला हाय की..." आणि त्या थांबल्या. वाटीकडं बघितलं, नळीकडं बघितलं. "माझ्यामुळं झालं व्हय गं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले नाही. हो म्हणायचीही गरज नव्हती.

त्या दिवशी नळीचं पुढचं टोक दवाखान्यात जाऊन बदलून आणलं. औषध आधीच सुरू केलं म्हणून निभावलं. पण अव्वांनी जेवण टाकलं. न गाळलेलं पाणी पोटात घ्यायचं आणि ते धुवायचंही नाही, मग हे जगणं कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस मी समजावलं, तिसऱ्या दिवशी समजवायचं सोडलं आणि सौदा केला. म्हटलं, "तुम्ही नळीला हात लावायचा नाही. त्या बदल्यात मी रोज चारही वेळा पिशवी झाली की घागरभर पाणी गाळीन आणि विहिरीवर जाऊन जीव सोडून येईन. तुमच्या नावानं. जेवढं न गाळलेलं आत गेलं, तेवढं मी बाहेर गाळीन."

"हळू ओतायचं," अव्वा म्हणाल्या. "वरनं टाकायचं न्हाई. लागतंय त्येंला."

त्यानंतर पाणी कधी गढूळ झालं नाही. पिशवी झाली, कडी काढली, की मी घागर गाळायचे, फडकं विसळायचे, तांब्या घेऊन परसात जायचे. विहिरीकडं तेव्हा फक्त एक शेवग्याचं झाड आणि शेजाऱ्यांच्या म्हशी. पलीकडं इमारती उठत होत्या. तिथं वारा असायचा. मी काठाला लागून हळू ओतायचे आणि परत यायचे. अव्वा विचारायच्या, "किती सोडलीस?" मी म्हणायचे, "मोजली नाहीत." एवढंच आमचं बोलणं. पण "आज किती मारलीस?" हा प्रश्न घरातून गेला होता, आणि मला त्याची चुटपुट लागून राहिली होती.

एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. टाकीतच सगळं मरून येतं. नदीतून आलेलं जिवंत असं त्या फडक्यात काही नसायचं. मी मेलेलं पाणी विहिरीला पाजत होते, दिवसातून चार वेळा, पाऊस असो, ऊन असो, ताप असो. कधीकधी तांब्या ओतताना मला रडू यायचं. ते अव्वांसाठी नसायचं, माझ्यासाठीच असायचं.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. पोटाचं पाणी स्वच्छ, पण पायांवर सूज, दोन पावलांत धाप. एका दुपारी पिशवी उतरवून मी घागर उचलली, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. ऊन लई हाय."

"जाऊन येते. सौदा आहे."

"नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय," अव्वा म्हणाल्या. "त्यात काय जित्तं ऱ्हातंय व्हय? मला काय कळत न्हाई?"

मी घागर खाली ठेवली. "कधीपासून माहीत आहे?"

"पयल्यांदा खरंच वाटलं हुतं. मग एकदा घागरीत नाक घातलं." त्या धाप लागून थांबल्या. मी मास्क काढला, त्यांनीही काढला. "म्हटलं सांगावं, बंद कर म्हणावं. पर तू विहिरीवरनं आलीस की तुझं तोंड जरा बरं दिसायचं. हितं कोंडून घेतलं हुतंस माझ्याबरुबर. म्हटलं, जाऊ दे. येवढ्या निमतानं तरी तिला वारं लागतंय."

मी उठले. पंखा लावला आणि त्यांच्या पायांशी बसून राहिले. त्या दिवशी मी विहिरीवर गेले नाही.

पुढच्या पंधरवड्यात त्या गेल्या, सकाळी, चहाच्या आधी. आदल्या रात्रीची पिशवी मी तशीच वर्तमानपत्रावर ठेवली होती. तिच्याखालची सगळी अक्षरं वाचता येत होती.

घर माणसांनी भरलं. दुपार झाली, आणि अव्वांच्या खोलीत बायका बसल्या असताना मी उठले, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि हात धुवायला न्हाणीत गेले. कोपरापर्यंत घासले. परत आले तर कुरुंदवाडहून आलेली नणंद पंख्याच्या बटणाशी उभी. "वैनी, उकडतंय की," ती हळूच म्हणाली आणि पंखा लावला.

मी स्वयंपाकघरात गेले, नळाखाली घागर भरली, फडकं विसळलं. तांब्या घेऊन परसात गेले. ओतायला काही घाई नव्हती. अव्वांनी मला ज्यासाठी तिथं जाऊ दिलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट केलं. काठावर बसून राहिले आणि अंगाला वारं लागू दिलं.